नाव दिवसाचे, काम रात्रीचे

वनस्पतीशास्त्रातील काही संज्ञा पाठ करायला सोप्या, पण समजायला अवघड असतात, कारण त्या स्वतःच भलतीकडे बोट दाखवतात. ‘लघुदिन वनस्पती’ ही त्यांपैकी एक. दिवस लहान झाल्यावर ज्यांना फुले येतात त्या लघुदिन वनस्पती, दिवस मोठा झाल्यावर ज्यांना येतात त्या दीर्घदिन वनस्पती आणि ज्यांना दिवसाच्या लांबीशी कर्तव्य नाही त्या दिननिरपेक्ष. तीन व्याख्या, प्रत्येकीची दोन-दोन उदाहरणे, की दीप्तिकालितेचा धडा संपला. परीक्षेत या उत्तराला पूर्ण गुण मिळतात. आमची तक्रार अशी की, हे उत्तर लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला वनस्पती नेमके काय मोजते हे कळलेले नसते आणि आपल्याला ते कळलेले नाही हेही त्याला कळत नाही.

ही संज्ञा कुठून आली, ती देणाऱ्यांचे कुठे बरोबर होते, कुठे निसटले आणि आज ती वर्गात कशी शिकवावी, याची तपासणी आम्ही येथे करणार आहोत. साक्षीला एक बदनाम झाड घेतले आहे. ज्याच्या पानांपासून भांग आणि मादीच्या फुलोऱ्यापासून गांजा होतो, ते कॅनाबिस सटायव्हा. ते निवडण्याचे कारण म्हणजे दीप्तिकालितेच्या इतिहासात या झाडाने फार लवकर आणि फार नेमकी साक्ष दिली होती, पण ती कोणी मनावर घेतली नाही.

नावाबद्दलच लेख आहे, म्हणून एक खुलासा आधीच करून ठेवतो. युरोपात या झाडाच्या खोडातील धाग्यासाठी शतकानुशतके शेती होत आली. त्या पिकाला हेम्प म्हणतात. मराठी भाषांतरांत त्याचा कधी ‘ताग’ होतो, तर कधी ‘अंबाडी’. दोन्ही चूक. ताग आणि अंबाडी या अगदी वेगळ्या कुळांतील वनस्पती आहेत. साम्य एवढेच की त्यांच्या खोडातूनही धागा निघतो. या लेखात सोयीसाठी आम्ही सर्वत्र ‘भांग’ असेच म्हणू.

नावाचा जन्म

गार्नर आणि अ‍ॅलार्ड हे अमेरिकेच्या कृषी खात्यातील दोन शास्त्रज्ञ. त्यांच्यापुढे दोन कोडी होती. ‘मेरिलँड मॅमथ’ नावाची तंबाखूची जात उन्हाळ्यात शेतात नुसतीच उंच वाढत राही, तिला फुले येत नसत. तीच जात हिवाळ्यात काचघरात लावली तर लहान असतानाच फुलत असे. दुसरे कोडे ‘बिलॉक्सी’ सोयाबीनचे. मे महिन्यापासून काही काही दिवसांच्या अंतराने पेरले तरी सगळी रोपे फुलत जवळजवळ एकाच वेळी, सप्टेंबरात. आधी पेरलेले चार महिने थांबे, उशिरा पेरलेले दोन महिन्यांत फुलावर येई.

दोघांनी तापमान, ओलावा, खत, प्रकाशाची तीव्रता अशी एकेक शक्यता तपासून बाजूला सारली. शेवटी १९१८ च्या जुलैमध्ये त्यांनी कुंड्या रोज दुपारनंतर एका अंधाऱ्या खोपटात ठेवायला आणि सकाळी बाहेर काढायला सुरुवात केली. ऐन उन्हाळ्यात, कृत्रिमपणे लहान केलेल्या दिवसात तंबाखू आणि सोयाबीन दोन्ही फुलले. १९२० साली प्रसिद्ध झालेला त्यांचा निबंध हा विसाव्या शतकातील वनस्पतीशास्त्राच्या मोठ्या निबंधांपैकी एक आहे, याबद्दल आमच्या मनात शंका नाही. झाडे ऋतू ओळखतात त्या दिवसरात्रीच्या मापावरून, ही गोष्ट त्यांनी इतक्या जातींवर आणि इतक्या काळजीपूर्वक दाखवली की ती पुन्हा कोणाला नाकारता आली नाही.

एक बारकावा शिक्षकांनी जरूर लक्षात घ्यावा. त्यांच्या निबंधाच्या शीर्षकात दिवस आणि रात्र यांच्या सापेक्ष लांबीचा उल्लेख आहे. म्हणजे शीर्षकात रात्र होती, पण वर्गीकरणाच्या नावांतून ती गळाली आणि ‘लघुदिन’ व ‘दीर्घदिन’ ही नावे रूढ झाली. पुढे पाठ्यपुस्तकांनी नावे उचलली. शीर्षक मागे राहिले.

भांगेची साक्ष

या निबंधाच्या आठ वर्षे आधीची गोष्ट. पॅरिसमध्ये तूर्न्वा नावाचे एक संशोधक जपानी हॉप आणि भांग या दोन वनस्पतींवर काम करत होते. या दोन्ही एकाच कुळातील. वसंतात पेरल्या तर खूप वाढून मग फुलणाऱ्या या वनस्पती हिवाळ्यात काचघरात पेरल्या की रोपटी असतानाच फुलू लागतात, असे त्यांना आढळले. त्यांनी रोपांना मुद्दाम रोज थोडेच तास उजेड देऊन पाहिला. रोपे लवकर फुलली. १९१२ मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केले आणि १९१४ च्या आपल्या निबंधात आणखी एक पाऊल पुढे टाकले: हे लवकर फुलणे दिवस लहान झाल्यामुळे घडते असे म्हणण्यापेक्षा रात्र मोठी झाल्यामुळे घडते असे म्हणावे लागेल. पुढे पहिल्या महायुद्धात तूर्न्वा यांचा मृत्यू झाला आणि काम तिथेच थांबले.

येथे भावनेच्या भरात तूर्न्वा यांना न्याय देताना गार्नर आणि अ‍ॅलार्ड यांच्यावर अन्याय करू नये. तूर्न्वा यांचे विधान बरोबर निघाले, पण ते सिद्ध करणारा प्रयोग त्यांच्यापाशी नव्हता. तो त्या वेळी कोणापाशीच नव्हता. विज्ञानात बरोबर अंदाज आणि सिद्ध झालेली गोष्ट यांत फरक असतो. तो विद्यार्थ्यांना दाखवून देण्याची ही चांगली संधी आहे.

एकाला हलवले की दुसरे हलते

प्रयोग का नव्हता? अडचण प्रयोगाच्या रचनेतच होती. दिवस आणि रात्र मिळून २४ तास होतात. दिवस १५ तासांवरून १० तासांवर आणला की रात्र आपोआप ९ तासांवरून १४ तासांवर जाते. आपल्याला वाटते आपण एकच गोष्ट बदलली. प्रत्यक्षात दोन बदललेल्या असतात. मग फुले आली ती लहान दिवसामुळे की मोठ्या रात्रीमुळे? या प्रयोगातून ते सांगता येणार नाही, मग तो शंभर वेळा केला तरी.

‘एका वेळी एकच घटक बदला’ असे आपण प्रयोगवहीत लिहून घेतो. पण कधी कधी दोन घटक दोरीने बांधल्यासारखे असतात, हे आपण सांगत नाही. दीप्तिकालितेचा धडा याचे उत्तम उदाहरण ठरू शकला असता. नुसत्या व्याख्या दिल्यामुळे ती संधी वाया जाते, आणि आमच्या दृष्टीने हे नुकसान चुकीच्या नावापेक्षाही मोठे आहे.

अंधाराची परीक्षा

ही दोरी तोडली हॅमनर आणि बॉनर यांनी, १९३८ मध्ये. त्यांचे झाड होते झँथियम, म्हणजे पडीक जमिनीत वाढणारे आणि कपड्यांना काटेरी फळे चिकटवणारे आपले शंकेश्वर. त्यांनी २४ तासांचे बंधनच सोडून दिले. काही झाडांना ४ तास उजेड आणि ८ तास अंधार असे चक्र दिले. काहींना १६ तास उजेड आणि ३२ तास अंधार. दोन्हींत उजेड-अंधाराचे प्रमाण तेच, एकास दोन. नावावर विश्वास ठेवला तर ४ तासांच्या ‘लहान दिवसा’तील झाडे फुलायला हवीत आणि १६ तासांच्या ‘मोठ्या दिवसा’तील नकोत. घडले नेमके उलटे. ४ तासांचा दिवस मिळालेली झाडे फुलली नाहीत, कारण त्यांची रात्र ८ तासांची होती. १६ तासांचा दिवस मिळालेली फुलली, कारण त्यांची रात्र लांब होती. शंकेश्वराला सलग साडेआठ तासांच्या आसपास अंधार लागतो. तो एकदाच मिळाला तरी पुरतो.

‘सलग’ हा शब्द महत्त्वाचा आहे. लांब रात्रीच्या मध्यावर एक मिनिटभर उजेड केला तरी ती रात्र फुकट जाई. याउलट दिवसाच्या मध्यावर थोडा वेळ अंधार केल्याने काही बिघडत नसे. साक्ष स्पष्ट होती. रात्र तोडली तर झाड हिशेब चुकते, दिवस तोडला तर त्याला फरक पडत नाही.

मिनिटभराचा उजेड झाडाला कोणते अन्न देणार? काहीच नाही. म्हणजे येथे प्रकाश ही खबर आहे, खाद्य नव्हे. पुढे अमेरिकेतील बेल्ट्सव्हिल येथे बॉर्थविक, हेन्ड्रिक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही खबर घेणारे रंगद्रव्य शोधले. ते म्हणजे फायटोक्रोम. ते सुमारे ६६० नॅनोमीटर तरंगलांबीच्या तांबड्या प्रकाशाने एका रूपात जाते आणि सुमारे ७३० नॅनोमीटरच्या, डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या गडद तांबड्या प्रकाशाने परत येते. रात्र मोडायला तांबडा प्रकाश सर्वात परिणामकारक ठरतो, आणि त्यामागोमाग गडद तांबडा दिला की त्याचा परिणाम पुसला जातो. याच बॉर्थविक यांनी स्कली यांच्यासह १९५४ मध्ये भांगेच्या दीप्तिकालितेवर स्वतंत्र निबंध लिहिला. बंदिस्त खोलीत भांग वाढवणारे आजही झाड फुलू नये म्हणून रात्रीच्या मध्यावर दिवा लावण्याची युक्ती वापरतात. तूर्न्वा यांच्या झाडाने त्यांचे म्हणणे असे खरे केले.

बारा तासांचा हट्ट

चुकीच्या नावातून आणखी एक समज पसरला आहे: लघुदिन म्हणजे १२ तासांपेक्षा कमी दिवस, दीर्घदिन म्हणजे १२ पेक्षा जास्त. याला काहीही आधार नाही. शंकेश्वराला सुमारे साडेपंधरा तासांपेक्षा लहान दिवस चालतो. तरीही ते लघुदिन. खुरासानी ओव्याला सुमारे ११ तासांपेक्षा मोठा दिवस लागतो. तरीही तो दीर्घदिन. दोघांना १३ तासांच्या दिवसात शेजारी ठेवले तर दोघेही फुलतील. लहान-मोठेपणा आकड्यात नसून दिशेत आहे. प्रत्येक जातीचा एक उंबरठा असतो. लघुदिन वनस्पतीची रात्र त्या उंबरठ्यापेक्षा मोठी असावी लागते, दीर्घदिन वनस्पतीची लहान.

भांगेच्या बाबतीत हा हट्ट तर व्यवसायातच शिरला. कॅनडासारख्या ज्या देशांत तिची लागवड कायदेशीर आहे, तेथे आधी १८ तास उजेड देऊन झाड वाढवायचे आणि मग १२ तास उजेड, १२ तास अंधार करून फुलवायचे, अशी रीत पडली. १२ च का, हे फारसे कोणी विचारले नाही. कॅनडातील ग्वेल्फ विद्यापीठाच्या अलीकडच्या प्रयोगांत अनेक जातींना १२ तासांपेक्षा मोठ्या दिवसातही फुलोरा येतो असे दिसले. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात दोन जातींना १२ ऐवजी १३ तास उजेड दिला, तर उत्पन्न लक्षणीय वाढले. कारण उघड आहे. रात्र अजूनही उंबरठ्यापेक्षा मोठीच होती, म्हणून फुलण्याची खबर मिळाली. आणि प्रकाशसंश्लेषणाला रोज एक तास जास्त मिळाला, म्हणून अन्न वाढले. खबर आणि खाद्य हा भेद नीट न केल्याची किंमत तेथे वर्षानुवर्षे मोजली गेली.

उंबरठ्याचा संबंध अक्षांशाशी आहे आणि तो आपल्या विद्यार्थ्यांना जवळचा वाटेल. पॅरिसला सर्वात मोठा दिवस सुमारे १६ तासांचा आणि सर्वात लहान सव्वाआठ तासांचा असतो. मुंबई-पुण्याला हेच आकडे सुमारे सव्वातेरा आणि अकरा आहेत. पहाट-संध्याकाळच्या संधिप्रकाशामुळे झाडाच्या लेखी दिवस थोडा लांबतो, पण फार नाही. युरोपातील धाग्याच्या भांगेच्या अनेक जातींचा उंबरठा १४ तासांच्या आसपास असतो. अशी जात आपल्या अक्षांशावर लावली तर तिला जूनमधली रात्रही पुरेशी मोठी वाटते. ती लहानपणीच फुलते, वाढ खुंटते, आणि धागा तर खोडात असतो. उलट दक्षिणेकडची जात उत्तरेत नेली तर ती उंच वाढत राहते, पण बी पिकण्याआधी थंडी येते. आपल्या पुस्तकांतील ‘उन्हाळ्यातील १६ तासांचा दिवस’ महाराष्ट्रातील कोणत्याच झाडाने पाहिलेला नाही, हेही या निमित्ताने सांगावे.

भांगेने घातलेला नवा पेच

मग सरळ ‘दीर्घरात्र वनस्पती’ असे नाव द्यावे का? काही पुस्तके तसे सुचवतात. ‘लघुदिन’पेक्षा ते बरेच बरे आहे, पण तेवढ्याने सगळे मिटत नाही.

पहिली गोष्ट, झाडाचे मोजमाप वाळूच्या घड्याळासारखे नाही. बिलॉक्सी सोयाबीनला ८ तास उजेड देऊन पुढचा अंधार वाढवत नेला, तर अंधार वाढला तशी फुले वाढत गेली असे झाले नाही. एकूण चक्र २४, ४८ आणि ७२ तासांच्या जवळ असताना फुले भरपूर आणि मधल्या वेळांना कमी, अशी लाट दिसली. म्हणजे झाडात स्वतःचे, साधारण २४ तासांचे घड्याळ आहे आणि त्या घड्याळाच्या कोणत्या प्रहरी उजेड पडतो यावर निर्णय ठरतो. ही कल्पना जर्मन शास्त्रज्ञ ब्यूनिंग यांनी १९३६ मध्येच मांडली होती. रात्रीची लांबी हा या घड्याळातून निघणारा परिणाम आहे.

दुसरी गोष्ट भांगेची. इस्रायलमधील संशोधकांनी २०१९ मध्ये मादी झाडांची बारकाईने तपासणी केली. मोठ्या दिवसात, म्हणजे ज्याला आपण ‘न फुलण्याचा काळ’ म्हणतो त्या काळातही, पानांच्या बगलेत एकेकटी फुले धरत असल्याचे त्यांना दिसले. लांब रात्रीमुळे बदलली ती झाडाची बांधणी: पेरे आखूड झाली, फांद्यांना फांद्या फुटत गेल्या आणि फुलांचे दाट घोस तयार झाले. म्हणून या अभ्यासकांनी विचारले की, ज्या झाडाचे पहिले फूल रात्रीची वाटच पाहत नाही, त्याला लघुदिन म्हणावे तरी कसे? आमच्या मते हा प्रश्न रास्त आहे. ‘फुलणे’ ही एकच घटना नसून फूल धरणे आणि फुलोरा बांधणे या दोन वेगळ्या घटना असू शकतात. शिवाय उत्तरेकडील थंड प्रदेशांत भांगेचे असेही प्रकार आहेत की जे रात्रीकडे न पाहता वयानुसार फुलतात. एकाच जातिनामाखाली इतके वैविध्य असताना ‘भांग ही लघुदिन वनस्पती आहे’ हे वाक्य अर्धेच खरे उरते.

वर्गात काय करावे

नावे एका लेखाने बदलत नाहीत आणि परीक्षेत ‘लघुदिन’ हाच शब्द येणार. आम्ही तो खोडायला सांगत नाही. शब्द शिकवताना त्याच्या पाठीमागचा वादही शिकवावा, एवढेच आमचे म्हणणे आहे. हॅमनर-बॉनर यांचे दोन आकडे, ४ व ८ आणि १६ व ३२, फळ्यावर लिहावेत आणि काय घडेल ते आधी विद्यार्थ्यांना सांगायला लावावे. बहुतेक जण नावावर विसंबून चुकतील, आणि धडा तिथूनच सुरू होईल.

प्रत्यक्ष प्रयोगासाठी भांगेचा विचारही करू नये. १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्यानुसार परवान्याविना तिची लागवड हा गुन्हा आहे. जाता जाता सांगायला हरकत नाही की, या कायद्यातील गांजाची व्याख्याच फुलोऱ्यावर आधारलेली आहे. झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे म्हणजे गांजा. झाडाने रात्र कशी मोजली यावर कायद्याचा शब्दही अवलंबून राहावा, ही गंमतच.

आपल्यासाठी शेवंती पुरेशी आहे. एकाच झाडाच्या, अजून कळी न धरलेल्या छाट्यांच्या कुंड्या घेऊन तीन गट करावेत. पहिल्या गटाला नैसर्गिक रात्र मिळावी. दुसऱ्याला रोज रात्री ११ ते १ या वेळात दिव्याचा उजेड द्यावा. तिसऱ्यावर रोज दुपारी दोन तास काळा खोका पालथा घालावा आणि तो तापणार नाही याची काळजी घ्यावी. तिसऱ्या गटाला उजेड सर्वात कमी मिळतो, तरी तो पहिल्यासारखा वागतो का, हे पाहायचे. दुसऱ्याला उजेड सर्वात जास्त मिळतो, तरी त्याच्या कळ्या मागे पडतात का, तेही पाहायचे. सर्व जातींचा उंबरठा सारखा नसतो, म्हणून गावात मिळेल ती स्थानिक जात घेऊन आठवड्याला नोंद ठेवावी. विदर्भ-मराठवाड्यातील शाळांना तर दिवाही लावावा लागणार नाही. सोयाबीनच्या शेताकडेला रस्त्याचा दिवा असेल, तर त्याखालची झाडे बाकीची पिवळी पडल्यावरही हिरवी राहतात का, ते मुलांनी जाऊन पाहावे.

असे काही पाहिलेला विद्यार्थी ‘लघुदिन’ हा शब्द लिहील तेव्हा त्याच्या मनात अंधार असेल. तूर्न्वा यांना भांगेच्या रोपट्यांनी १९१४ साली जे सांगितले, ते मग आपल्या वर्गात पोहोचले असे म्हणता येईल.